कुणाच्या ओळखीनं?

आमच्या शाळेत कार्यानुभवाचा तास शनिवारी शेवटचा असे. वर्षभर त्या तासाला गणिताचा मागे पडलेला भाग उरकला जाई. फेब्रुवारीत तपासणीचं पत्र आलं की मात्र धांदल उडे. मुलींनी क्रेप कागदाची फुलं करायची आणि मुलांनी मेणबत्त्या, अशी वाटणी ठरलेली. आमच्या एकाही मेणबत्तीत वात मधोमध आली नाही. शेवटी सरांनीच बाजारातून दोन डझन मेणबत्त्या आणि चार पायपुसणी आणली, टेबलावर मांडली आणि पुढे आमच्या नावांच्या चिठ्ठ्या ठेवल्या. सगळ्यांना ‘अ’ श्रेणी मिळाली. ती पायपुसणी विणणारी बाई शाळेच्या मागच्याच गल्लीत राहायची, हे मला फार पुढे कळलं. तिची आणि आमची गाठ शाळेनं कधी घालून दिली नाही.

नोकरी लागलेल्या पोराला विचारायचा आपल्याकडे एक ठरलेला प्रश्न आहे: कुणाच्या ओळखीनं लागलास? विचारणाऱ्याला त्यात काही गैर वाटत नाही, सांगणाऱ्यालाही नाही. मध्यमवर्गीय घरातल्या मुलाला एका लग्नाच्या पंगतीत इंजिनिअर काका, बँकेतली मावशी, सीए झालेला मावसभाऊ आणि भोसरीत स्वतःचं वर्कशॉप असलेले वडिलांचे मित्र भेटतात. सीए व्हायला आर्टिकलशिप लागते, ती कशी मिळवायची, पहिल्या वर्षी हातात काय पडतं, हे त्याला जिलेबी वाढली जात असतानाच कळतं. ऊसतोड कामगाराच्या मुलीला ही पंगत नसते. शाळेतल्या शिकण्याची कामधंद्याशी गाठ घालण्याचे जे उपक्रम आजवर झाले, त्यांच्याकडे मी याच बाजूनं पाहतो. ज्यांच्या घरात ओळख नाही, त्यांना ती शाळेनं करून दिली का? आणि कशाशी करून दिली, नोकरीशी की कामाशी? या दोन प्रश्नांची आपण फार काळ गल्लत करत आलो आहोत.

सुरुवात करायची तर जोतीराव फुल्यांपासून करावी लागते. १८८२ साली हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळेत मोडी-बाळबोध लेखनवाचन आणि हिशेब यांच्या जोडीला शेतीची आणि आरोग्याची जुजबी माहिती मागितली. मला त्याहून मोलाचं वाटतं ते त्यांचं शिक्षकाविषयीचं म्हणणं. नांगराचं रुमणं किंवा सुताराचा वाकस हाती धरायची वेळ आली तर ज्याला लाज वाटणार नाही असा माणूस त्यांना शिक्षक म्हणून हवा होता. विषयांच्या यादीइतकंच लक्ष त्यांनी शिकवणाऱ्याच्या हातांकडे दिलं. पुढच्या बहुतेक योजना नेमक्या इथेच अडखळल्या.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली आणि झाकीर हुसेन समितीनं तिचा अभ्यासक्रम आखला. सेवाग्रामला आर्यनायकम दांपत्यानं ती चालवून दाखवली. कापसाच्या बोंडापासून निघून जमीन, हवामान, बाजारभाव, सुताचा नंबर काढायचं गणित इथपर्यंत जाता येतं, ही कल्पना आजही ताजी वाटते. पण मुलांच्या कामातून शाळेचा खर्च निघावा हा आग्रह तिच्या गळ्यात पडला. उत्पादनाच्या नादात शिक्षण मागे पडेल, असा इशारा खुद्द झाकीर हुसेन समितीनंच दिला होता. पुढे व्हायचं तेच झालं. टकळी खेड्यातल्या शाळेत राहिली, आणि ती खेड्यात असावी असा आग्रह धरणाऱ्या अनेकांची मुलं शहरात इंग्रजी शाळेत गेली.

कर्मवीर भाऊराव पाटलांची वाट याहून वेगळी होती, हे नीट लक्षात घेतलं जात नाही. ‘कमवा आणि शिका’ म्हटलं की आपण दोन्हींना एकाच माळेत ओवतो. भाऊराव स्वतः ओगल्यांच्या काचकारखान्याचा माल आणि किर्लोस्करांचे नांगर विकत फिरलेले. कारखानदारी त्यांनी जवळून पाहिली होती, गावोगावच्या शेतकऱ्याच्या ओसरीवर बसलेही होते. १९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था निघाली. तिच्या वसतिगृहांतल्या मुलांचे श्रम हा अभ्यासक्रम नव्हता, ती फी होती. गवंड्याच्या हाताखाली दगड उचलणारा मुलगा गवंडी व्हावा अशी भाऊरावांची अपेक्षा नव्हती, त्यानं वकील किंवा मामलेदार व्हावं अशी होती. गांधीजींना काम शिकण्याचं माध्यम हवं होतं, भाऊरावांना काम शिक्षणाचं भाडं म्हणून चालत होतं. बहुजन समाजाला दुसरी वाट जास्त पटली, यात मला नवल वाटत नाही. आज ‘कमवा आणि शिका’च्या नावाखाली महाविद्यालयाच्या कार्यालयात फायलींचे गठ्ठे लावणाऱ्या मुलाला भाडं मिळतं, शिकायला फारसं मिळत नाही, ही गोष्ट निराळी.

कामाच्या शिक्षणाबद्दल बहुजनांच्या मनात संशय का आहे, हे समजून घ्यायला मद्रासकडे पाहावं. १९५३ साली राजगोपालाचारींनी प्राथमिक शाळेची वेळ अर्धी केली आणि उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा अशी योजना आणली. कागदावर ती काटकसरीची होती, शाळेत दोन पाळ्या बसणार होत्या. लोकांनी तिला ‘कुलक्कल्वी’, म्हणजे कुळाचं शिक्षण, असं नाव दिलं. न्हाव्याच्या मुलानं वस्तरा आणि धोब्याच्या मुलानं इस्त्रीच धरायची का, असा प्रश्न उठला. १९५४ मध्ये राजाजींना पायउतार व्हावं लागलं आणि कामराजांनी योजना मागे घेतली. म्हणून आज राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मुलांना स्थानिक कारागिरांकडे पाठवा असं म्हणतं, तिथे मी लगेच विचारतो: कुणाच्या मुलाला कुणाकडे? ओळख व्हायची ती परक्या कामाशी व्हायला हवी. घरच्या कामाची ओळख मुलाला शाळेशिवायही असते.

कोठारी आयोगानं (१९६४–६६) ‘कार्यानुभव’ हा शब्द रूढ केला. शेतात, कारखान्यात, कार्यशाळेत प्रत्यक्ष उत्पादक कामात मुलानं भाग घ्यावा, असा त्याचा अर्थ होता. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीनं त्याला ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ असं भारदस्त नाव दिलं. आमच्या मेणबत्त्या त्या नावाच्या छायेत वितळल्या. १९८८-८९ पासून अकरावी-बारावीला किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम आले, ज्यांना सगळे एमसीव्हीसी म्हणतात. त्यांच्यावर फार लिहिण्यासारखं नाही. कला, वाणिज्य, विज्ञान यांत प्रवेश न मिळालेल्यांनी जायची जागा असा शिक्का एकदा बसला, तो कधी पुसला गेला नाही.

थांबून पाहण्यासारखी जागा म्हणजे पाबळ. पुणे जिल्ह्यातलं, शिरूर तालुक्यातलं, पावसानं कायम हुलकावणी दिलेलं गाव. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केलेले, अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानात पीएच.डी. केलेले डॉ. श्रीनाथ कलबाग १९८३ मध्ये इथे आले आणि त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. माणूस हातांनी काम करताना शिकतो, मग शाळाच त्याला तसं करण्यापासून का अडवते, हा त्यांचा साधा प्रश्न होता. त्यातून ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा आठवी ते दहावीचा विषय उभा राहिला. इंग्रजी आद्याक्षरांवरून शिक्षक त्याला आयबीटी म्हणतात. राज्य मंडळानं त्याला पूर्वव्यावसायिक विषय म्हणून मान्यता दिली. मला त्याच्या नावातला ‘ओळख’ हाच शब्द सगळ्यात आवडतो.

आठवड्यातला एक पूर्ण दिवस या विषयाला. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे चार विभाग, आणि प्रत्येक मुलानं, प्रत्येक मुलीनं, चारही करायचे. मुलगी वेल्डिंगचा मुखवटा चढवते आणि मुलगा हिमोग्लोबिन तपासायला शिकतो, हे इथे धोरण म्हणून वेगळं लिहावं लागत नाही, वेळापत्रकातच आहे. शिकवणारे निदेशक शक्यतो त्याच परिसरातले, हाताला कसब असलेले. फुल्यांची अट इथे शंभर वर्षांनी पुरी झाली म्हणायची. मुलं फेरोसिमेंटची टाकी करतात, माती तपासतात, घराचं वायरिंग करतात, कोंबड्या वाढवतात. पण या सगळ्यातली कळीची गोष्ट वेगळीच आहे. हे काम कुणाला तरी हवं असतं आणि तो त्याचे पैसे देतो. शाळेच्या भाषेत याला लोकोपयोगी सेवा म्हणतात. टाकी गळली तर ज्याच्या दारात ती उभी आहे तो शेतकरी शाळेत येऊन बोलणार. खर्च काढताना सिमेंटचं पोतं धरलं, वाळूची वाहतूक विसरलो, तर तोटा वहीत दिसणार. शेकडेवारीचं गणित एरवी फळ्यावर मरतं, ते इथे जिवंत होतं.

कलबागांना कारागीर तयार करायचे नव्हते. आठवीतल्या मुलानं वेल्डर व्हावं म्हणून त्याला वेल्डिंग शिकवत नव्हते. विद्युतप्रवाह, उष्णता, धातू यांची समज हाताच्या वाटेनं लवकर येते म्हणून शिकवत होते. ज्यांना पुढे तेच करायचं त्यांच्यासाठी आश्रमात वर्षभराचा निवासी पदविका अभ्यासक्रम आहे, त्याला दहावीच्या टक्क्यांची अट आड येत नाही. २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीनं फॅब लॅब, म्हणजे संगणकावर आखलेली वस्तू यंत्रानं घडवायची कार्यशाळा, पाबळला आली, अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या काहींपैकी एक. पुण्याच्या ‘लेंड-अ-हँड इंडिया’ या संस्थेनं हा विषय आणखी अनेक शाळांत नेला, आणि राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्याखाली आलेल्या ‘मल्टी स्किल’ विषयाचं मूळही पाबळलाच सापडतं.

एवढं असून पाबळ सगळीकडे का झालं नाही? साहित्याला पैसे लागतात, हे खरं, पण ते कारण दुय्यम आहे. आठवड्याचा एक दिवस मागितला की मुख्याध्यापकांच्या डोळ्यांपुढे दहावीचा निकाल उभा राहतो आणि पालकांच्या डोळ्यांपुढे क्लासची फी. शिवाय निदेशक हा शाळेच्या उतरंडीत सगळ्यात खाली. केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेखाली नववीपासून ऑटोमोटिव्ह, रिटेल, ब्युटी अँड वेलनेस, हेल्थकेअर असे विषय अनेक शाळांत आले. तिथेही शिकवणारा प्रशिक्षक बहुधा बाहेरच्या संस्थेमार्फत, कंत्राटावर. जूनमध्ये शाळा सुरू होते तेव्हा त्याची नेमणूक झालेली असेलच, याची खात्री नसते. आणि चार विभाग सगळ्यांनी करायचे ही पाबळची शिस्त सुटली की काय होतं, तेही दिसतं: मुलगे ऑटोमोटिव्हला, मुली ब्युटीला.

आता उद्योगांकडे वळू. कारखानदाराला शाळेतलं पोर नको असतं, असं सरसकट म्हणणं अन्यायाचं आहे. चाकणला किंवा वाळूजला पंधरा माणसांच्या शॉपमध्ये लेथवर नवखा उभा केला तर एक अनुभवी टर्नर त्याच्यापाशी अडकतो, जॉब रिजेक्ट होतो, बोट कापलं तर पोलीस आणि फॅक्टरी इन्स्पेक्टर मालकाच्या दारात. एवढं करून पोर शिकलं की शेजारचा दोन हजार जास्त देऊन घेऊन जातो. हा हिशेब बदलला नाही तर भाषणांनी दार उघडत नाही.

जर्मनीनं तो हिशेब बदलला. तिथला शिकाऊ आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत आणि एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत असतो. १९६९ चा कायदा या पद्धतीच्या पाठीशी आहे, सुमारे सव्वातीनशे व्यवसाय ठरवून दिलेले आहेत, आणि परीक्षा कंपनी घेत नाही, उद्योगांचं मंडळ घेतं. त्यामुळे प्रमाणपत्र मालकाच्या मर्जीवर राहत नाही आणि दुसऱ्या गावातही चालतं. याचं कौतुक करताना आपण एक गोष्ट गाळतो: तिथे दहा-अकरा वर्षांच्या वयातच मुलांची वेगवेगळ्या शाळांत वाटणी सुरू होते, आणि स्थलांतरितांची मुलं कुठल्या बाजूला जास्त पडतात यावर तिथेही वाद आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. म्हणजे आपली पोरं तिकडे जातील. त्यांना घडवणारी रचना इकडे आणायची तर जास्त चिकाटी लागेल.

आपल्याकडे शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ पासून आहे. तीस किंवा त्याहून अधिक माणसं असलेल्या आस्थापनेनं आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेत, असं त्याचे नियम सांगतात. आयटीआयमधून बाहेर पडलेल्या कित्येकांचं आयुष्य या कायद्यानं मार्गी लावलं, हे मान्य करावं. पण अनेक ठिकाणी ‘ट्रेनी’ हा शब्द स्वस्त कामगाराला दिलेलं टोपणनाव झाला आहे, हेही शॉप फ्लोअरवर कुणालाही विचारा. २०२४ मध्ये केंद्रानं मोठ्या ५०० कंपन्यांत महिना पाच हजार रुपयांची इंटर्नशिप आणली, राज्यानं सहा महिन्यांची युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तिच्यात शिक्षणानुसार सहा, आठ आणि दहा हजारांचं विद्यावेतन ठरलं. दोन्ही योजना शाळा-कॉलेज संपल्यावर हाक मारतात. कामाशी पहिली गाठ विशी ओलांडल्यावर पडावी, याचं आपल्याला काही वाटत नाही.

मग शाळेतच लवकर ओळख करून दिली तर फरक पडतो का? दोन अभ्यास मला पटतात. ब्रिटनमध्ये १९ ते २४ वयाच्या तरुणांना विचारलं गेलं की शाळेत असताना उद्योगधंद्यातल्या माणसांशी तुमची किती वेळा गाठ पडली. ज्यांना चार किंवा अधिक प्रसंग आठवत होते, ते शिक्षण नाही-नोकरी नाही अशा अवस्थेत असण्याचं प्रमाण एकही प्रसंग न आठवणाऱ्यांच्या मानानं पाचपट कमी होतं, आणि नोकरी करणाऱ्यांची कमाई सरासरी १६ टक्क्यांनी जास्त होती. हे आठवणींवर बेतलेलं सर्वेक्षण आहे, त्यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही. तरी तो चारचा आकडा वाचला तेव्हा मला लग्नाची पंगतच आठवली.

दुसरा अभ्यास जास्त पक्का आहे. अमेरिकेत १९६९ पासून, फिलाडेल्फियात सुरू होऊन, ‘करिअर अकॅडमी’ पसरल्या: मोठ्या शाळेच्या आत एक छोटी शाळा, एका क्षेत्राभोवती गुंफलेले विषय आणि स्थानिक उद्योगांत प्रत्यक्ष काम. अर्ज जागांपेक्षा जास्त आले तिथे चिठ्ठ्या टाकून प्रवेश दिले गेले, म्हणून तुलना चोख करता आली. शाळा सोडल्यानंतरच्या आठ वर्षांत अकॅडमीतल्यांची कमाई सुमारे ११ टक्क्यांनी जास्त निघाली, तीही मुख्यतः मुलग्यांची. परीक्षेच्या गुणांत आणि शाळा पूर्ण करण्याच्या प्रमाणात मात्र फरक नव्हता. आपल्या शिक्षण खात्यानं असा प्रयोग केला असता तर गुण वाढले नाहीत म्हणून तिसऱ्या वर्षीच गुंडाळला असता, अशी मला दाट शंका आहे.

आपण २०१६ मध्ये दहावीच्या मुलांची कल चाचणी सुरू केली. हेतू चांगला होता. पण ज्या मुलानं प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ, सर्वेक्षक किंवा आहारतज्ज्ञ पाहिलेलाच नाही, त्याचा कल त्याच्याकडे कसा झुकावा? वाढून न दिलेल्या पदार्थाची आवड विचारण्यातला हा प्रकार.

आता शब्द चालू आहे ‘दप्तराविना शाळा’. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं की सहावी ते आठवीच्या काळात मुलांनी दहा दिवस दप्तर घरी ठेवून सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशांकडे शिकावं. त्याच धोरणात बाराव्या पंचवार्षिक योजनेतला अंदाज दिला आहे: १९ ते २४ वयोगटातल्या पाच टक्क्यांहून कमी भारतीयांना औपचारिक व्यावसायिक शिक्षण मिळालं, जर्मनीत ७५ टक्के, दक्षिण कोरियात ९६. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणानं २०२३ मध्ये ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांना विचारलं, तेव्हा ५.६ टक्के मुलं असं काही शिकत होती. या दरीवर दहा दिवसांची फळी टाकायची आहे. पाबळचा हिशेब शेजारी मांडून पाहा: आठवड्याला एक दिवस म्हणजे वर्षाला तीस-पस्तीस, तीन वर्षांत शंभर. एनसीईआरटीनं सहावीसाठी काढलेलं ‘कौशल बोध’ हे पुस्तक मात्र मला या दहा दिवसांहून आशादायक वाटतं. सजीवांबरोबरचं काम, यंत्र आणि साहित्य यांचं काम, माणसांच्या सेवेचं काम, अशी तिन्हींतली एकेक कामगिरी वर्षभरात करायची अशी त्याची रचना आहे.

दहा दिवसांचं काय होऊ शकतं, याचा एक नमुना मी पाहिला आहे. एका कंपनीच्या सीएसआर निधीतून मुलांची बस आली. कंपनी कायदा २०१३ नं मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के सामाजिक कामावर खर्चायला लावल्यापासून शाळांच्या दारात अशा बसेस दिसतात, मार्चअखेर जवळ आली की जास्तच. मुलांनी पिवळ्या पट्टीच्या आतून रांगेनं चालायचं, कशाला हात लावायचा नाही. एचआरच्या बाईंनी पंधरा मिनिटं इंग्रजी-मराठीत सांगितलं, बिस्किटं वाटली, बॅनर धरून फोटो झाला. अहवालात ‘१२० विद्यार्थी लाभार्थी’ असं लिहिलं गेलं असणार. परतताना एका मुलीनं मला विचारलं, “सर, ते काका मशिनमधनं काढलेलं परत परत कशानं मोजत होते?” ते व्हर्निअर कॅलिपर होतं. ती नववीत होती. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात ते तिला पुढे भेटणार होतं, पण त्या काकांशी तिला दोन मिनिटं बोलू दिलं असतं तर ओळख आधी झाली असती.

हल्ली शाळेत गेलो की मी मुख्याध्यापकांना एवढंच विचारतो, मुलांनी गावासाठी केलेल्या कामाचं पावतीपुस्तक आहे का? परवा एका ठिकाणी ते उत्साहानं उठले, कपाट उघडलं आणि माझ्यापुढे पुस्तक ठेवलं. ते परीक्षा फीचं होतं.